वर जुनं बसलंय

"अरे, नवीन आत आहे. अगदी व्यवस्थित आहे. पण वर जुनं बसलंय, म्हणून ते दिसत नाहीये," कादंबरी म्हणाली आणि खुर्ची मागे रेटून ओढणीच्या टोकाने चष्मा पुसायला लागली.

अतुलने चमकून तिच्याकडे पाहिलं. चमकायचं खरं तर काही कारण नव्हतं. कादंबरी त्याची टीम लीड. मूळची पुण्याची, पण आता बरीच वर्षं इकडचीच. नोएडातल्या त्या काचेच्या इमारतीत, त्या मजल्यावर, मराठी बोलणारी ही दोनच माणसं, त्यामुळे कामाचं बोलणंही दोघं सवयीने मराठीतच करत. आत्ताही ती कामाबद्दलच बोलत होती. सकाळपासून सगळी टीम एकाच गोष्टीशी झगडत होती. वेबसाइटला लागणाऱ्या एका पॅकेजमध्ये, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या आयत्या प्रोग्रॅममध्ये, भगदाड सापडलं होतं, त्यातून बाहेरचा कुणीही आत शिरू शकला असता. त्याची दुरुस्त आवृत्ती आली होती, ती बसवली होती, बसल्याचं मशीन छातीठोकपणे सांगत होतं, आणि साइट चालू केली की पुन्हा आपली जुनीच समोर उभी. सगळ्यांचं डोकं आपटून झालं तेव्हा कादंबरी येऊन बसली आणि तिने बघता बघता शोधून काढलं. ते वाक्य बोलताना तिने अतुलकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी त्याला वाटलं, हिला कुणी सांगितलं? आपल्या घरातलं हिला कसं कळलं?

ज्याला या कामाची माहिती नाही त्याला सांगायचं तर इतकंच, की वेबसाइट हल्ली एका बंद डब्यात चालते. त्याला कंटेनर म्हणतात. हा डबा मुद्दाम विसराळू केलेला असतो. काही बदललं की जुना फेकायचा आणि नवा बांधायचा, आणि नव्याला कालचं काहीएक आठवत नाही. कालची घाण नको, कालचे घोळ नकोत, रोज कोरी पाटी. कल्पना चांगलीच आहे. फक्त त्यापायी साइटला लागणारी शेकडो पॅकेजेस, जगाच्या पाठीवर कुठे कुठे बसलेल्या अनोळखी माणसांनी लिहिलेली, दर वेळी पुन्हा ओढून आणावी लागतात. त्यांना डिपेन्डन्सी म्हणतात. ती यायला लागली की पडद्यावर नावंच नावं पळतात, मधूनच पिवळ्या अक्षरांत एखादी ओळ येऊन जाते की अमक्याची देखभाल आता कुणी करत नाही. ती कुणी वाचत नाही. तेवढ्यात लोक चहाला जाऊन येतात, टपरीवर राजकारण बोलून येतात, आणि तरी नावं पळतच असतात.

त्यावरची युक्ती अतुलची. डब्याबाहेर एक कायमची जागा ठेवायची, तिला वॉल्यूम म्हणतात. पहिल्यांदा ती रिकामी असते, डब्यात जे आणलेलं असेल ते तिच्यात उतरतं आणि तिथेच मुक्काम करतं. मग डबा कितीही वेळा मोडा आणि बांधा, ती जागा नव्या डब्यावर नेऊन बसवली की कालचं सगळं जागच्या जागी. चहाची सुट्टी बुडाली म्हणून पोरं कुरकुरली, पण मॅनेजरने सगळ्यांना मेल टाकून कौतुक केलं. त्याच्या बायकोला, मैत्रीला, जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. लोकांना वाटलं, बायको गेली बिचाऱ्याची, कामात बुडवून घेतोय स्वतःला, चांगलं आहे. लोकांना काय, काहीही चांगलं वाटतं. रिकाम्या डब्यात पहिल्या नावापासून पुन्हा सगळं भरायला लागलेलं त्याला बघवत नव्हतं, एवढीच त्यातली गोष्ट होती. त्या दिवसांत तो सकाळी उठायचा तेव्हा क्षणभर त्याला काही आठवत नसे. अंगावर रजई, खिडकीत उजेड, आज काय वार. आणि मग डेंगी, उतरत गेलेल्या प्लेटलेट्स, हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावरचा तो फिनेलचा वास, सगळं पहिल्यापासून ओळीने येऊन बसायचं. रोज सकाळी ती नव्याने मरायची. हे असं जन्मभर कोण करील? म्हणून त्याने अशी सोय केली की रोज पहिल्यापासून सुरुवात करायला लागू नये. आधी घरी केली, मैत्रीने जे जिथे ठेवलं होतं ते तिथेच राहू दिलं. ऑफिसातली नंतर सुचली.

या युक्तीतली गोम काही गुप्त नाही, नवशिक्यालाही बजावून सांगतात. बाहेरची जागा डब्यावर बसवली की डब्यात त्या ठिकाणी जे असेल ते झाकलं जातं. पुसलं जात नाही. ते असतं, नीट बसवलेलं असतं, फक्त कुणाला दिसत नाही आणि कुणाच्या कामी येत नाही. त्याची दुसरी बायको विशाखा दीड वर्ष त्याच्या घरात होती.

आज संध्याकाळी ती निजामुद्दीनहून गाडीत बसणार होती. रागारागाने नाही. रागावली असती तर समजूत काढता आली असती, समजूत काढायची त्याला चांगली सवय होती. तिचे मामा ज्ञानोबा, मंत्रालयात नोकरीला, सरकारी कामासाठी दिल्लीत आले होते आणि कोपर्निकस मार्गावरच्या राज्य सरकारच्या जुन्या सदनात उतरले होते. काल रविवार म्हणून भाचीच्या घरी आले. अतुलने चहा केला. घरात सकाळचा आणि पाहुण्यांचा चहा तोच करायचा, बायकोला आयता कप हातात द्यायचा, याचा त्याला मनातून थोडा अभिमानही होता. मामांनी घोट घेतला, कपात पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, साखर इसरलाव का?" मग हसून, "आन् हिला कसा चालला ओ हा? ही तर लहानपणी चहा नाही, पाक प्यायची. बशीच्या तळाची साखर बोटानं चाटायची." विशाखा म्हणाली, "मला चालतो असाच."  मामा भाचीकडे बघत राहिले, आणि भाची हातातल्या कपाकडे. अतुल साखरेचा डबा शोधायला उठला आणि फळीपुढे उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की घरात साखर कुठे असते हे त्याला माहीत नाही. मैत्रीच्या वडिलांना मधुमेह. त्यांच्या घरात सगळेच बिनसाखरेचा, आलं घातलेला चहा पीत. दुपारी विशाखाने बॅग भरली. दारात म्हणाली, "मामांकडे सदनात जाते. उद्या संध्याकाळच्या गाडीनं परभणी. परत यायचं माझ्या मनात नाही, हे आत्ताच सांगते, नंतर फोनवर सांगितलं असं नको." तिने हे इतक्या नीटनेटकेपणाने सांगितलं की त्याने नुसती मान हलवली. आणि आज सकाळी तो जेवणाचा डबा घेऊन ऑफिसला आला. काय माणूस आहे हा, असं कुणीही म्हटलं असतं.

"मग आता काय?" त्याने कादंबरीला विचारलं.

"काय म्हणजे? उडव तो वॉल्यूम. सगळं फ्रेश येऊ दे. एकदा वेळ लागेल, लागू दे." तिने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. "तूच लावलायस, तूच काढ. तुझ्या मशीनपासून सुरुवात कर, मग बाकीचे."

त्याने हुकूम टाइप केला. मशीन विचारतं, नक्की ना? उत्तरादाखल एक अक्षर दाबायचं असतं, बस. त्या जागेत काय होतं? परक्यांनी लिहिलेली शेकडो पॅकेजेस, त्यांतलं एक सडकं. आज उडवली की आजच परत येणारी. अतुलचं बोट अक्षरावर टेकलं आणि तिथेच राहिलं. त्याला घाम आला. हे हास्यास्पद आहे, तो मनाशी म्हणाला, चाळिशीला टेकलेला इंजिनियर एका कळीपुढे घामाघूम होतोय. कादंबरीने दोन क्षण वाट पाहिली, मग "काय रे, बरं नाहीये का?" म्हणत हात लांब करून तिनेच ती कळ दाबली. सगळं गेलं, काही आवाजसुद्धा झाला नाही. मग पहिल्यापासून नावं पळायला लागली, पिवळ्या ओळी आल्या आणि गेल्या, साइट उभी राहिली, आणि नवी आवृत्ती, जी सकाळपासून आत नीट बसून होती, ती आता समोर आली. मागच्या रांगेतून कुणीतरी "अरे वा, चल गया यार!" म्हणालं. अतुलने लॅपटॉप मिटला आणि "अर्धा दिवस टाक माझा," एवढं कादंबरीला सांगून तो लिफ्टकडे निघाला. कशासाठी, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, अशी त्याची स्वतःबद्दल एक समजूत होती.

सेक्टर बासष्टच्या स्टेशनवर मेट्रो रिकामी मिळते. एकच स्टेशन आधी सुटते, सदनाजवळच्या मंडी हाउसला थेट, गाडी बदलायची नाही. तो खिडकीशी बसला. बाहेर नोव्हेंबरची धुरकट दुपार होती, ऊन असूनही नसल्यासारखं, आणि घशात ती नेहमीची खरखर. त्याने ठरवलं की रस्ताभर विशाखाचा विचार करायचा, म्हणजे तिथे गेल्यावर नीट बोलता येईल. त्याने तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. आधी हिरवा पंजाबी ड्रेस आला, मग ओट्यापाशी वळलेली पाठ, मग चष्म्याची काडी. चेहरा येईना. उलट, नको असताना मैत्री आली, आणि काय लख्ख आली. आर. के. पुरमच्या सेक्टर चारमधल्या क्वार्टरच्या जिन्यात, शाळेच्या मोज्यांत, त्याच्याकडे जीभ काढून बघणारी. तिचे वडील अमरावतीचे, याचे वर्ध्याचे, दोघांचे बाप केंद्राच्या एकाच मंत्रालयात, चौदा एप्रिलला दोन्ही घरांची खीर एकाच पातेल्यात शिजायची. अतुलला तिची माहिती कधी करून घ्यावी लागली नाही. ती आपली होतीच, दिल्लीतल्या धुळीसारखी, कधीपासून ते विचारायचंच नाही.

डिपेन्डन्सी हा शब्द त्याने कॉम्प्युटरच्या आधी त्या क्वार्टरमध्ये ऐकला होता. त्याचे वडील सुखदेव, सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले, त्यांना सरकारी दवाखान्याच्या कार्डाचा फार धाक आणि फार अभिमान. 'डिपेंडंट' हा त्यांच्या तोंडचा घरगुती शब्द होता. "आई माझी डिपेंडंट, तू माझा डिपेंडंट," असं ते दवाखान्याच्या रांगेत उभं राहून समजावून सांगायचे, जसं दुसरे बाप तारे दाखवतात तसं. अतुल पंचविशीचा झाला तेव्हा नियमाप्रमाणे कार्डावरचं त्याचं नाव कमी झालं. "आता तू कुणाचा डिपेंडंट नाहीस," वडील त्या दिवशी जेवताना म्हणाले, "आता दुसरं कुणी तुझं होईल." कुणीतरी कुणावर अवलंबून असणं ही त्यांच्या लेखी जगातली सगळ्यात पक्की गोष्ट होती. आपण मैत्रीवर किती अवलंबून होतो हे कुठल्या कार्डावर लिहिलेलं नव्हतं, नाहीतर निदान ती गेल्यावर कुणीतरी येऊन नाव कमी करून गेलं असतं. गाडी मयूर विहार सोडून यमुनेवर आली. खाली पाणी काळं आणि जागच्या जागी. त्याला रडू फुटलं, आणि रडू कुणासाठी फुटलं हे कळल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली. बायकोला थांबवायला निघालेला माणूस वाटेत बायकोसाठीच रडतोय, फक्त ती बायको वेगळी आहे.

विशाखाचं सगळं रीतसर झालं होतं. काकूने स्थळ आणलं. परभणीची, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवणारी, भावंडांची शिक्षणं करता करता स्वतःचं लग्न राहून गेलेली. विहारात पांढऱ्या कपड्यांत दोघं बसली, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या, वचनं म्हटली, तासाभरात जेवणं. तिने शाळेतून बिनपगारी रजा घेतली आणि दिल्लीला आली. पहिल्याच आठवड्यात तिने मिठाची बरणी शेगडीच्या डाव्या बाजूला ठेवली. संध्याकाळी अतुलने ती उचलून उजवीकडे ठेवली. तो काही रागाने नाही. हात गेला, बरणी जिथे असते तिथे नव्हती, त्याने ती होती तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशी ती डावीकडे, संध्याकाळी पुन्हा उजवीकडे. असं काही दिवस चाललं आणि मग बरणी उजवीकडेच राहायला लागली. त्याला वाटलं, रुळली. ती डावखुरी आहे हे त्याच्या ध्यानात यायला पुढे किती महिने गेले, ते त्याने कधी कबूल केलं नसतं. असं पलंगाच्या बाजूचं झालं, असं पडद्यांचं झालं, रविवारी दुपारी झोपायचं की बाहेर पडायचं याचं झालं. तो तिला कधी नाही म्हणाला नाही. तो फक्त संध्याकाळी सगळं होतं तिथे ठेवायचा. शेजारच्या बायका म्हणायच्या, किती छान सेट झाली तुमची मिसेस, आणि त्याला ते खरंच वाटायचं. तिचे वर्गातले किस्से काय, तिला कशाचं हसू येतं, तिला भीती कशाची वाटते, गाणं येतं का, यांतलं त्याला काय माहीत होतं? तो खिडकीशी बसून आठवत राहिला आणि प्रगती मैदानही मागे गेलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. ती आत होती, व्यवस्थित होती.

सदनाच्या आवारात गेल्यावर आधी मामाच दिसले. हातात सरकारी फाइल, डोक्याला मफलर. "या या, जावईबापू," ते म्हणाले. भाचीचा संसार मोडायच्या दिवशीसुद्धा त्यांच्या आवाजातली माया हटत नव्हती, आणि त्यामुळे अतुलला जास्तच मेल्यासारखं झालं. "जेवलाव का? भाकरी हाय इथं, आपल्याकडची. नको? बरं. ती तिकडं बसलीय बगा बाकावर. मी टॅक्सीचं बगतो तवर." त्यांनी जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते फाटकाकडे गेले.

विशाखा उन्हात बसली होती, पायाशी बॅग. त्याला पाहून ती दचकली नाही. सरकून तिने त्याला जागा करून दिली.

"ऑफिस अर्ध्यावर टाकून आलात?"

"हो."

"अच्छा."

ते 'अच्छा' शेवटाला जरा लांबलेलं, वर गेलेलं. ते ऐकताच अतुलच्या छातीवरचं ओझं उतरलं, घरी आल्यासारखं वाटलं, आता सगळं ठीक होईल असं वाटलं. आणि लगेच दुसऱ्या क्षणी त्याला उमगलं की हे 'अच्छा' कुणाचं आहे. परभणीहून आलेल्या बाईचं ते नव्हतं. मैत्री असं म्हणायची. विशाखाने मैत्रीला कधी पाहिलंही नव्हतं; मग तिच्या तोंडी हे आलं कुठून? त्याच्याकडूनच. तो स्वतः असं म्हणत असणार, रोज, आणि तिने ते उचललं. 

"तू खरंच जाणार?"

"शाळेतली रजा संपली माझी. हजर व्हायचंय."

"रजा वाढवता येते ना?"

"येते."  ती त्याच्याकडे न बघता बोलायला लागली, वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलावं तशी. "काल मी मामांना म्हणाले, मला चालतो असाच. तुम्हाला वाटलं असेल, मी तुम्हाला सांभाळून घेतलं. मलापण तसंच वाटलं. मग तुम्ही त्यांना खाली सोडायला गेलात, तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून माझ्यापुरता चहा केला, चांगली दोन चमचे साखर घालून. मला तो गेला नाही. घशाखाली उतरेना. बेसिनमध्ये थुंकून टाकला. तेव्हा मी घाबरले. इतके दिवस मला वाटायचं, मी आपली जमवून घेतेय, कधीतरी बोलेन, तोवर माझं मी आत सांभाळून ठेवलंय. पण आतलंसुद्धा जात चाललंय. अजून वर्षभर राहिले तर मग जायला तरी कोण उरेल?"

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? आईला फोनवर सांगायला जाते तर तिला माझी तक्रारच कळत नाही. दारू नाही, मारणं नाही, आवाज चढवणं नाही, सकाळी हातात चहा. ती म्हणते, देव माणूस आहे. आहातच तुम्ही. बायकोशी फार चांगलं वागता. फक्त तिथे मी नसते."

अतुलच्या डोक्यात कादंबरीचा हात पुढे आला आणि कळ दाबून गेला. "मी सगळं काढून टाकतो," तो घाईने म्हणाला. "आजच्या आज. तू म्हणशील ते. घर बदलू. दुसऱ्या सेक्टरमध्ये घेऊ. सगळं नव्यानं..."

"काय काढणार?" तिने खरंच विचारलं. "साड्या तुम्ही केव्हाच देऊन टाकल्यात. फोटो भिंतीवर आहे, त्याचा मला कधी त्रास झाला नाही, मीच पुसते तो. उलट मला तर ती आवडायला लागलीये. कधी कधी वाटतं, असती तर आमची मैत्री झाली असती. घर बदललंत तर बरणी तिथेही उजवीकडेच जाईल. तुम्ही मुद्दाम काही करत नाही हो. म्हणून तर उपाय नाही."

म्हणून तर उपाय नाही. तिने हे इतक्या आपुलकीने म्हटलं की त्याला ओरडावंसं वाटलं. तिने भांडावं, खापर फोडावं, माझं आयुष्य खाल्लंत म्हणावं. त्याला कबूल होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. केस कानामागे घेऊन मान किंचित तिरकी, बोलून झालं की खालचा ओठ आत. हेही तिचं नाही. ती या टॅक्सीतून गेली की त्याच्याबरोबर 'अच्छा' जाईल, ही तिरकी मान जाईल, सकाळचा दुसरा कप जाईल, आणि मैत्रीचं जे काही त्याने दीड वर्ष या परक्या बाईच्या जिवावर जगवलं ते सगळं आज संध्याकाळी निजामुद्दीनवरून निघून जाईल.  आपल्याला नेमकं कशाचं दुःख होतंय, हे त्याचं त्याला ठरवता येईना, आणि ठरवायला वेळही नव्हता.

"जाऊ नकोस गं," तो म्हणाला. 

ती वळली. "कुणाला म्हणताय?"

टोमणा नव्हता. तिला उत्तर हवं होतं. तिच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलंसुद्धा, म्हणजे थांबायला जागा होती, अजून होती.

"अगं, तुलाच."

"अगं कुणालाही म्हणता येतं."

ते खरं होतं. मैत्रीलाही तो अगं म्हणायचा, हिलाही अगं. ऐक ना, अगं, आलो गं. घरात दोनच माणसं असली की नाव लागत नाही. आता नाव घ्यायला हवं होतं.

"विशाखा," तो म्हणाला.

ते बरोबर आलं. चुकलं नाही. पण खिडकीपलीकडच्या कारकुनाने रांगेतल्या माणसाचं नाव वाचावं तसं आलं, आणि ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"हो," ती म्हणाली. आणि पुढचं ऐकायला थांबली.

पुढे काय म्हणायचं? तुझ्याशिवाय मला करमणार नाही. हे त्याने सेक्टर चारच्या गच्चीवर म्हटलं होतं, होळीच्या आदल्या दिवशी. तू म्हणशील तसं करू. हे हॉस्पिटलात, मैत्री घरी जाऊ या म्हणून हट्ट करत होती तेव्हा. माझं चुकलं. हे तर कितीदा. जे वाक्य वर येई ते आधीच कुणाला तरी दिलेलं निघे. त्याने एकेक करून ती परत लोटली, या बाईला एक तरी कोरं वाक्य द्यायला हवं म्हणून आत शोधत राहिला, आणि आत काही नव्हतं. तिच्याबद्दल बोलायला तिची काही माहिती लागते. ती थांबली होती. घाई न करता, हात मांडीवर ठेवून, एखाद्या ढ मुलाला गणित सुटायची वाट बघावी तशी थांबली होती. ऊन बाकावरून तिच्या गुडघ्यांपर्यंत सरकलं. 

"इशाखेऽ!" फाटकातून मामांनी हाक दिली. "आली गं गाडी! चल बिगीबिगी!"

"आले वो मामाऽ! जरा दम धरा की! काय पळून चालली का तुमची टॅक्सी?"

अतुल दचकून बघायला लागला की कोण ओरडलं. छातीतून आलेला, मोकळा, खणखणीत आवाज, शेवटाला हेल काढलेला आणि हेलाच्या टोकाला हसू. फाटकावरचा गार्डही वळून बघायला लागला. विशाखा उभी राहिली होती. डाव्या हाताने तिने बॅग उचलली, "येते," असं त्याला हळूच म्हणाली, आणि चालायला लागली, पावलं पडत होती ती चांगली लांब लांब, रस्त्यावरून शाळा गाठायची सवय असलेल्या बाईची. मामांनी काहीतरी म्हटलं, तिने त्यांच्या पाठीत धपाटा घातला. असा आवाज त्याच्या घरात कधी उमटला नव्हता. असं चालणं त्या खोल्यांत कधी झालं नव्हतं. कोण ही, तो बघत राहिला, कुठून आली, हिला कुणी सांगितलं नाही का की इथे असं मोठ्याने बोलत नाहीत. तिने टॅक्सीचं दार ओढून लावलं, काचेतून ड्रायव्हरला हातवारे करत रस्ता सांगायला लागली. ही बाई त्याला आवडली. तिला थांबवण्याइतकी त्याची तिच्याशी ओळख नव्हती.